आईच्या चेहऱ्यावरचे वांग

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे पत्र शाळेकडून आले, तेव्हा आमच्या तुकडीतील आम्हा अकरा मैत्रिणींमध्ये फोनवरून बराच विचारविनिमय झाला. पहाटेची वंदना, परिपाठ, गुरुजींनी गावोगाव फिरून धान्य गोळा करून चालवलेले वसतिगृह, पावसाळ्यात गळणारे छप्पर या विषयांवर लिहिणारे समर्थ हात पुष्कळ आहेत, आणि त्यांनी लिहावेच. आम्ही मात्र ज्या गोष्टीबद्दल इतक्या वर्षांत एकमेकींशीही मोकळेपणाने बोललो नव्हतो, तिच्याबद्दल लिहायचे ठरवले. लेखणी एकीच्या हातात असली, तरी मजकूर सर्वांनी वाचून मान्य केलेला आहे. आमच्यातील एक शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे, दोघी शिक्षिका आहेत, एक अंगणवाडी सेविका आहे, तिघी घर सांभाळतात आणि चौघी आमच्या आयांप्रमाणेच आजही वावरात जातात. विषय आहे चेहऱ्यावर येणारे काळे डाग, ज्याला आपल्याकडे वांग म्हणतात. स्मरणिकेत हा विषय कशाला, असे वाचकांस वाटेल. तो का, हे सांगण्यासाठी आम्हाला आमच्या वसतिगृहातील एका रविवारापासून सुरुवात केली पाहिजे.

आमच्या वेळी मुलींच्या वसतिगृहात आरसा एकच होता. पाण्याच्या हौदाजवळच्या भिंतीत बसवलेला, एका कोपऱ्यात पारा उडालेला. सकाळी वेण्या घालताना त्याच्यासमोर अकरा जणींची रेटारेटी होई. पाचवीत आलो तेव्हा केसांचा भांग सरळ आहे की नाही, एवढेच आम्ही त्यात पाहत होतो. आठवी-नववीत गेलो, तशी नजर बदलली. कोण उजळ, कोण सावळी, कोणाच्या गालावर पुटकुळ्या, याची मोजदाद सुरू झाली. ती आम्हाला कोणी शिकवली, हे आज सांगता येत नाही. वर्गात तर समतेचेच धडे होते, पण दूरदर्शनवरच्या जाहिराती, सुट्टीत गावी कानावर पडणाऱ्या लग्नाच्या बोलण्या आणि बाजारातील पाच रुपयांचे क्रीमचे पाऊच, हेही शिकवणारेच होते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालक भेटायला येत. नेर तालुक्यातल्या खेड्यांतून, दारव्हा आणि बाभुळगावच्या बाजूने, कोणी एस.टी.ने तर कोणी पायी येई. बहुतेकींच्या आया रोजमजुरीवर जाणाऱ्या. पावसाळ्यात निंदण, दिवाळीपासून पुढे कापूस वेचणी, तुरीची सवंगणी, आणि मे महिन्याच्या उन्हात पुढच्या हंगामासाठी धसकटे वेचणे, असे त्यांचे वर्ष. त्या सगळ्या उन्हाचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेला असे. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर आणि वरच्या ओठावर तपकिरी-काळसर पट्टे दिसत, जणू कोणी ओल्या राखेचा हात फिरवला आहे.

नववीत असताना अशाच एका रविवारी आमच्यातील एकीची आई फाटकाशी उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी होती. वरच्या वर्गातील एका मुलीने सहज विचारले, “कोन व्हय ते?” आमची मैत्रीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आमच्या गावची बाई आहे.” फाटक काही फार दूर नव्हते. त्या माउलीने ते ऐकले. ती काही बोलली नाही. गाठोडे ओट्यावर ठेवून लिंबाच्या सावलीत जाऊन बसली आणि तिने पदर कपाळावरून खाली ओढून घेतला. पुढच्या सर्व भेटींना ती तशीच, अर्धा चेहरा पदराआड करून येत राहिली.

आम्ही दहा जणी तेथे उभ्या होतो. एकीनेही तोंड उघडले नाही. आज प्रामाणिकपणे सांगायचे, तर तोंड न उघडण्याचे कारण एवढेच होते की प्रत्येकीच्या मनात कधी ना कधी तेच वाक्य येऊन गेले होते. मैत्रिणीने ते उच्चारले, आम्ही ते गिळले, फरक तेवढाच. या लेखात त्या मैत्रिणीचे नाव नाही, ते याच कारणासाठी.

ज्या डागांची आम्हाला लाज वाटली, ते डाग म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले असते, तर कदाचित ते वाक्य आले नसते. म्हणून आता ते सांगतो. यातील माहिती आमच्या परिचारिका मैत्रिणीने तपासून दिली आहे.

माणसाच्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलानिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलानिन तयार करतात, यात. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे पसरते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. वावरात जाणारी बाई डोक्यावर शेला ओढून घेते, तेच काम त्वचेच्या आत मेलानिन करते. सावळा रंग हा देहाने उन्हाशी केलेला शहाणपणाचा व्यवहार आहे. त्यात उणेपणा काहीही नाही.

वांग येते तेव्हा काही ठिकाणच्या रंगपेशी गरजेहून जास्त काम करू लागतात. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले आणि सर्वांत मोठे कारण ऊन. दुसरे, स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे बदल. म्हणून गरोदरपणात वांग पुष्कळ जणींना येते, आणि काहींना कुटुंबनियोजनाच्या गोळ्या सुरू असताना येते. तिसरे, आनुवंशिकता, आईला किंवा बहिणीला असेल, तर येण्याची शक्यता वाढते. चुलीची किंवा भट्टीची धग सतत चेहऱ्यावर येत असेल, तर तीही भर घालते. पुरुषांनाही वांग येते, परंतु स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. वांग बहुधा दोन्ही गालांवर सारखे असते, त्याला खाज नसते, दुखणे नसते. ते संसर्गाने पसरत नाही. ते कोड नव्हे आणि कुष्ठरोगही नव्हे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा आसपासच्या त्वचेहून फिकट किंवा लालसर असतो आणि तेथे स्पर्श कमी कळतो. तसे आढळल्यास मात्र उशीर न करता दवाखान्यात जावे, कारण तो पूर्ण बरा होतो आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तारुण्यपिटिका फोडल्या, खाजवल्या, की त्या जागी काळे ठिपके उरतात. आमच्या आरशासमोरच्या अर्ध्याअधिक दुःखाचे मूळ तेवढेच होते. केसांना लावायच्या काळ्या रंगाने किंवा सुगंधी प्रसाधनांनी काहींच्या कपाळाची आणि कानशिलांची कातडी हळूहळू काळवंडते. मान, काख आणि कधी चेहऱ्याची बाजू मखमलीसारखी जाड व काळी होत असेल, तर तो मळ नसतो. वाढलेले वजन आणि इन्सुलिन नीट काम न करणे, यांच्याशी त्याचा संबंध असतो. अशा वेळी घासण्याऐवजी रक्तातील साखर तपासून घ्यावी. वसतिगृहात एका मुलीची मान आम्ही नारळाच्या काथ्याने घासून दिली होती, स्वच्छतेच्या नावाखाली. तिची आम्ही येथे क्षमा मागतो. आणि सर्व अंगाचा रंग काळसर होत जाऊन सोबत अशक्तपणा असेल, वजन घटत असेल, तर तो चेहऱ्याचा प्रश्न समजू नये. डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी.

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही हे सारे शिकलो, त्याकडे वळतो. फाटकाशी ते वाक्य उच्चारणाऱ्या आमच्या मैत्रिणीचे लग्न झाले, पहिले मूल झाले, आणि दुसऱ्या खेपेला दिवस गेले असताना तिच्याच दोन्ही गालांवर वांग उमटले. बाळंतपणानंतर काहींचे वांग आपोआप फिके होते. तिचे झाले नाही. सासरी कोणी उघड बोलत नव्हते, पण एका लग्नात फोटो काढताना कोणीतरी तिला मागच्या रांगेत उभे केले. त्या दिवशी तिला फाटक आठवले, असे तिने पुढे आम्हाला सांगितले. तिने फोन केला, तो आमच्यातीलच एकीला. आणि त्या मैत्रिणीने प्रेमापोटी आपण स्वतः वापरत असलेले मलम सुचवले. औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी लहानशी ट्यूब, किंमत परवडणारी, आणि पंधरा दिवसांत फरक.

फरक खरोखरच पडला. तिसऱ्या आठवड्यात चेहरा उजळला, आणि आम्ही सगळ्यांनी तिचे अभिनंदन केले. आणखी तिघींनी तीच ट्यूब आणली. चार-पाच महिने गेले. मग गाल लाल राहू लागले, उन्हात गेले की आग होऊ लागली, हनुवटीवर केस आणि पुटकुळ्या आल्या, बारीक रक्तवाहिन्या कातडीतून दिसू लागल्या. मलम थांबवले की दोन दिवसांत चेहरा सुजून यायचा, म्हणून ती पुन्हा लावायची. ज्या वांगासाठी हा खटाटोप केला, ते पूर्वीपेक्षा गडद होऊन परत आले. आठ महिन्यांनंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही अशा औषधांची नावे. ती वाईट नाहीत. इसबासारख्या विकारांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरावीक दिवसांसाठी ती फार उपयोगी पडतात. परंतु ती गोरेपणाचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळली, की कातडी पातळ होते आणि त्या औषधाशिवाय तिला राहवत नाही. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला, आणि 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई करणारी दुरुस्ती केली. तरीही या ट्यूब हातोहात फिरतात, कारण त्या देणारी व्यक्ती बहुधा मैत्रीण, नणंद किंवा वहिनीच असते. आमच्या बाबतीत ती आम्हीच होतो.

याहूनही भयंकर गोष्ट अकोला जिल्ह्यात घडली. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत आली. त्या तिघी चेहरा उजळण्यासाठी एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे आढळले. पारा मेलानिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. पाऱ्याच्या विषबाधेने ज्या जपानी शहराला ग्रासले, त्या मिनामाताच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि प्रसाधनांतील पारा हद्दपार करणे हाही त्याचा एक भाग आहे. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती डबी कितीही गुणकारी म्हणून दिली, तरी घेऊ नये, एवढा धडा अकोल्याने आपल्याला दिला आहे.

आमच्या मैत्रिणीला शेवटी यवतमाळला, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. आम्ही दोघी सोबत होतो. त्वचारोग विभागाच्या रांगेत तिच्यासारख्याच लाल, सोललेल्या चेहऱ्याच्या आणखी बायका-मुली बसलेल्या पाहून आम्ही सुन्न झालो. डॉक्टर मॅडमनी तिला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी आधी विचारले, “किती दिवस लावलं? ट्यूब आणली आहे का?” मग शांतपणे सांगितले की स्टिरॉइड एकदम तोडायचे की हळूहळू कमी करायचे, हे आम्ही ठरवू, तुम्ही स्वतः ठरवू नका, काही आठवडे त्रास होईल, त्याला घाबरून पुन्हा ट्यूबकडे वळू नका. वांगाचे औषध त्यानंतर.

वांगाच्या उपचाराबद्दल तेव्हा आणि पुढे जे कळले, ते थोडक्यात असे. पहिले औषध म्हणजे ऊन टाळणे; ते जमले नाही, तर बाकी सारे व्यर्थ. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतील ऊन सर्वांत तापदायक. सनस्क्रीन घ्यायचे, तर एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक आणि दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांना अडवणारे घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांवर दोन रेघा ओढता येतील एवढे लावावे, बाहेर जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे, आणि उन्हात असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होते. म्हणून ज्या सनस्क्रीनला लोहाच्या ऑक्साइडमुळे मातकट रंग असतो, ते वांगासाठी अधिक उपयोगी समजले जाते.

हे वाचून आमच्या वावरात जाणाऱ्या चौघी हसल्या. दिवसाची मजुरी किती आणि त्या ट्यूबची किंमत किती, आणि घामाच्या धारांत ती टिकणार किती? त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांच्यासाठी जाड विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा आणि त्यावर रुंद काठाची टोपी हा अधिक खात्रीचा उपाय आहे. दुपट्टा पातळ असेल, तर दुहेरी घ्यावा. शक्य असेल तेथे मुकादमाशी बोलून सकाळी लवकर काम सुरू करावे आणि भर दुपारी विसावा घ्यावा. आमच्या एका मैत्रिणीच्या गावात बायकांनी मिळून हे करून घेतले आहे. चेहऱ्यासाठी नव्हे, उष्माघाताच्या भीतीने. पण लाभ दोन्हींना झाला.

औषधांपैकी ॲझेलाइक आम्ल, कोजिक आम्ल, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही नावे चिठ्ठीवर दिसतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावीत. हायड्रोक्विनोन ठरावीक काळासाठीच असते; वर्षानुवर्षे लावल्यास त्यानेच निळसर-काळे डाग पडू शकतात. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगावे, कारण यातील काही औषधे त्या काळात देत नाहीत. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगावे, मात्र त्या मनाने बंद करू नयेत. पोटात घ्यायच्या गोळ्या काहींना देतात, पण रक्तात गुठळी होण्याचा धोका पाहूनच. दुसरीच्या चिठ्ठीवर त्या कधीही घेऊ नयेत. आणि घरगुती उपाय म्हणून लिंबाचा रस, खायचा सोडा, दंतमंजन चेहऱ्याला चोळणे सोडून द्यावे. त्यांनी कातडी चिडते, आणि चिडलेली कातडी अधिक काळी पडते. लिंबाचा रस लावून उन्हात गेले, तर भाजल्यासारखे चट्टेही उठतात.

सर्वांत कठीण औषध म्हणजे धीर. योग्य उपचारानेही दोन-तीन महिन्यांपूर्वी फारसा फरक दिसत नाही. रंगद्रव्य वरच्या थरात असेल, तर वांग लवकर फिके होते. खोल उतरले असेल, तर फार हळू. आणि फिके झालेले वांग पुढच्या उन्हाळ्यात परत येऊ शकते. जो कोणी पंधरा दिवसांत कायमचे घालवण्याची हमी देतो, तो खोटे बोलतो किंवा ट्यूबमध्ये काय आहे ते लपवतो. आमच्या मैत्रिणीचा चेहरा सावरायला वर्षाहून अधिक काळ लागला. वांग पूर्ण गेले नाही. आग थांबली, लाली गेली, डाग फिके झाले. त्यावर ती समाधानी आहे.

त्या वर्षभरात ती बरेच दिवस माहेरी होती. एका संध्याकाळी तिने आईला त्या रविवारची आठवण काढून क्षमा मागितली. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मले मालूम होतं तवाच. उन्हात नसती गेली, तं तुह्या वह्यापुस्तकं कुठून आले असते वं?” एवढेच. मैत्रिणीने हे आम्हाला फोनवर सांगितले, तेव्हा अकरा जणींच्या त्या बोलण्यात बराच वेळ कोणाला शब्द सुचला नाही. आमच्यापैकी प्रत्येकीच्या वह्या कोणाच्या तरी चेहऱ्यावरून आल्या होत्या.

आता समाजाविषयी, दोष देण्यासाठी नव्हे, आपलेच म्हणून. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की ज्या पेहरावावरून आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, तो पेहराव आणि ते दागिने टाकून द्या. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने ते टाकले. लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, हातापायांतील कथलाचे वाळे उतरले. अंगावरची अपमानाची खूण उतरवता येते आणि उतरवावी, हे त्यांनी दाखवून दिले. पण कातडी ही अशी खूण नव्हे. ती कोणी लादलेली नाही आणि उतरवायचीही नाही. तिला अपमानाची खूण मानणारी नजर मात्र आपल्यात राहून गेली. आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जात ‘वर्ण’ नावाचा एक रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक लिहावे लागते. आमच्यातील सात जणींनी आपल्या वेळी तो भरला आहे, आणि पाच जणींनी त्यात खोटे लिहिले आहे. आज आमच्या मुली लग्नाच्या वयाला येत आहेत. माजी विद्यार्थी संघ असे मेळावे भरवण्यास साहाय्य करतो. तर त्या अर्जातील तो रकाना या वर्षापासून काढून टाकावा, अशी आमची संघाकडे विनंती आहे. शिक्षण, उत्पन्न, व्यसन, आरोग्य हे विचारण्यासारखे पुष्कळ आहे. देशातील सर्वांत खपाच्या गोरेपणाच्या क्रीमलाही 2020 साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. आपला अर्ज त्याच्याही मागे राहू नये.

दुसरी विनंती शाळेला. आठवी-नववीच्या मुलींसाठी वर्षातून एकदा या विषयावर मोकळे बोलणे व्हावे. आमची परिचारिका मैत्रीण त्यासाठी नेरला यायला तयार आहे. तारुण्यपिटिका फोडू नका, कोणाची ट्यूब कोणाला देऊ नका, मानेचा काळेपणा घासू नका, आणि फाटकाशी कोण आले आहे असे विचारले, तर खरे उत्तर द्या, एवढे जरी त्या बोलण्यातून पोचले, तरी पुरे.

गेल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्याला आम्ही अकराही जणी आलो होतो. आमच्या मैत्रिणीने आईला सोबत आणले होते. तुकडीचा फोटो काढायची वेळ झाली, तेव्हा तिने आईला हाताला धरून पहिल्या रांगेत, मधोमध खुर्चीवर बसवले आणि आपण तिच्या मागे उभी राहिली. माउलीने सवयीने पदराला हात घातला. मग काय वाटले कोण जाणे, तिने तो हात खाली घेतला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले. तो फोटो आम्ही या लेखासोबत संपादकांकडे पाठवला आहे. छापताना तो उजळ करू नये, एवढीच नम्र सूचना.